वाटाड्या कीं सोबती?

पावसाळा ओसरूं लागला, सह्याद्रीच्या उतारांवर सोनकीचीं पिवळीं फुलें डोलूं लागलीं आणि सहामाही परीक्षेचें ओझें एकदांचें उतरलें, म्हणजे आमच्या शाळेंत एक प्रश्न दरवर्षीं नव्यानें उपस्थित होतो. वरच्या वर्गांतील मुलामुलींस गडकोटांची ओढ लागते. सुटींत अमक्या शिखरावर जावयाचें, तमक्या किल्ल्यावर मुक्काम करावयाचा, असे बेत झाडाखालीं बसून आंखले जातात, आणि चार दिवसांनीं त्यांतील कोणाचे तरी वडील किंवा आई आमच्याकडे येऊन विचारतात, "सर, मोबाइलवर जाहिराती येतात, त्यांतल्या एखाद्या ग्रुपबरोबर पोराला पाठवूं, की पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील पण त्याच्यासाठी एक गाइड करूं?"

प्रश्न दिसावयास लहान आहे. पण तो लहान नाहीं. ज्या पालकानें आपलें मूल एका दिवसापुरतें डोंगराच्या हवालीं केलें, त्यानें तें खरोखर कोणत्या तरी माणसाच्या हवालीं केलेलें असतें. तो माणूस कोण, हें पाहिल्यावांचून ह्या प्रश्नाचें उत्तर मिळावयाचें नाहीं. ह्या विषयीं गेलीं कित्येक वर्षें आम्हांस जें वाटत आलें आहे, तें ह्या वार्षिकाच्या निमित्तानें आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या वडील माणसांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आमचाच एक अनुभव सांगतों. सुमारें वीस वर्षांपूर्वीं, शिक्षकाच्या पेशांत नुकताच प्रवेश केला असतां, आम्ही एका मोठ्या टोळीबरोबर हरिश्चंद्रगडावर गेलों. महिना श्रावणाचा होता. टोळींत पन्नासाच्या आसपास माणसें होतीं, आणि बहुतेक एकमेकांस अनोळखी होतीं. पैसे भरले, रात्रीं एका गाडींत बसलों आणि पहांटे खिरेश्वरास उतरलों, एवढाच काय तो परस्परांचा संबंध. तोलार खिंडीपर्यंत रांग बरी चालली. खिंडीवरील कातळाचा चढ चढून गेल्यावर मात्र धुकें असें दाटलें कीं, दहा हातांवरील माणूस दिसेना. आमच्या पुढें महाविद्यालयांतील एक मुलगा चालला होता. त्याच्या पायांत गोळा आला व तो खालीं बसला. आम्ही त्याच्याजवळ थांबलों. पुढच्यांस हांका मारल्या. परंतु टोळीचा नायक सर्वांच्या पुढें निघून गेला होता, आणि आमच्या मागें कोणीच नव्हतें. मुलाचा पाय मोकळा झाल्यावर आम्ही दोघे निघालों, ते एका ढोरवाटेस लागलों. ढोरवाट माणसांसाठीं पडलेली नसते. ती गुरांस चाऱ्याकडे नेते, आणि चारा संपला कीं तीही संपते. आमची वाट कारवीच्या दाट झुडपांत संपली. पलीकडे जमीन आहे कीं दरी आहे, हें धुक्यामुळें कळेना. दीड-दोन तास आम्ही त्या पावसांत जागच्या जागीं भिजत बसलों.

शेवटीं आमच्या हांकेला ओ मिळाली. खिरेश्वराचा एक प्रौढ शेतकरी डोक्यावर सामानाची गोणी घेऊन गडाकडे निघाला होता. आमचा आवाज ऐकून तो वाट सोडून आमच्यापर्यंत आला. आम्हीं त्यास घडलेली हकीकत सांगितली. तो क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "पन्नास माणसं पुढं गेली म्हणता. त्यातलं तुमचं माणूस कोण?"

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. त्यानें आम्हांस देवळापर्यंत पोंचविलें. तेथें टोळीचीं जेवणें चाललीं होतीं. दोन माणसें कमी आहेत, हें तोंवर कोणाच्याही ध्यानांत आलें नव्हतें. कारण कोणीं माणसें मोजलींच नव्हतीं.

हा अनुभव ऐकून कोणी म्हणेल, कीं मग निकाल लागलाच. टोळी वाईट आणि वाटाड्या चांगला. वाटाड्याचे गुण आम्ही मुळींच कमी लेखीत नाहीं. आमच्या सह्याद्रींत वाट सांपडणें हें एक शास्त्रच आहे. हरिश्चंद्रगडाचेंच उदाहरण घ्या. पाचनईकडून गेल्यास चढ सोपा आहे. खिरेश्वराकडून तोलार खिंडीची वाट लांब असून कातळावर जपून चढावें लागतें. आणि कोंकणांतील बेलपाड्याकडून जी नळीची वाट चढते, तींत मोठमोठ्या धोंड्यांवरून व ढांसळत्या दगडांवरून हातापायांनीं चढावें लागतें. गड एकच, पण एक वाट शाळकरी मुलाची, तर दुसरी मुरलेल्या गिर्यारोहकाची. मोबाइलच्या पडद्यावर त्या सर्व वाटा सारख्याच रेघांनीं काढलेल्या असतात, आणि पुष्कळ दऱ्याखोऱ्यांत तर तो मोबाइल मुकाच असतो. कोणत्या महिन्यांत कोणतें टाकें कोरडें पडतें, कोणत्या कड्याखालीं आग्या मोहोळ लागलें आहे व तेथून धूर आणि आरडाओरड न करितां कसें जावें, कोणत्या ओढ्याला पावसाची एक सर येतांच पूर चढतो, हें ज्ञान त्या डोंगराच्या पायथ्याशीं जन्मलेल्या माणसाजवळच असतें. शिवाय वाटाड्या एका कुटुंबाबरोबर चालत असला, म्हणजे मुलाच्या पायांच्या गतीनें चालतो. मूल थांबलें तर तो थांबतो, त्यास करवंदाची जाळी दाखवितो, पांखराचें नांव सांगतो. त्याला दिलेले पैसेही डोंगरांतल्याच एखाद्या घरांत जातात. ज्या महादेव कोळी व ठाकर कुटुंबांची शेती एका पावसाच्या भरवशावर उभी आहे, त्यांस ह्या चार पैशांचें मोल किती, हें त्यांच्या अंगणांत बसून जेवल्याशिवाय कळावयाचें नाहीं.

असें असतांही, मुलाला एका भाड्याच्या वाटाड्याच्या स्वाधीन केलें म्हणजे पालक निश्चिंत झाला, असें आम्हांस वाटत नाहीं. आमच्या ओळखीच्या एका पालकांनीं मोठ्या प्रामाणिकपणें आम्हांस सांगितलेली गोष्ट अशी. ते आपल्या दोन मुलांस घेऊन कळसूबाईस गेले. हें शिखर १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रांतील सर्वांत उंच. पायथ्याच्या बारी गांवाकडून वर जाणारी वाट मळलेली आहे. जेथें कातळ सरळ उभा आहे तेथें लोखंडी शिड्या बसविल्या आहेत. ह्या गृहस्थांनीं पायथ्याशीं एक तरुण वाटाड्या ठरविला. निघावयास उशीर झाला होता, धाकट्या मुलीची चाल मंद होती. दिवस कलला तेव्हां तो तरुण म्हणाला, "साहेब, आता फिरावं." थोड्या वेळानें पुन्हां म्हणाला. गृहस्थ म्हणाले, "इतके पैसे खर्चून आलों, तें काय अर्ध्यावरून परतण्यासाठी?" तो तरुण गप्प बसला. शिखराचें दर्शन झालें खरें. परंतु उतरतांना शिड्यांवर अंधार पडला, मुलगी भिऊन रडूं लागली, आणि त्या तरुणानें तिला पाठीवर बांधून एकेक पायरी चांचपीत खालीं आणलें. देवाच्या दयेनें कोणास इजा झाली नाहीं. ते गृहस्थ आम्हांस म्हणाले, "ज्याला कळत होतं त्याचं ऐकायला मी तयार नव्हतो, कारण त्याला मी पैसे देत होतो."

ह्या एका वाक्यांत एकट्या वाटाड्याचा दोष सांपडतो. त्याच्याजवळ ज्ञान असतें, पण अधिकार नसतो. जो माणूस दिवसाच्या शेवटीं आपल्या हातून पैसे घेणार, तो आपल्याला "नाहीं" असें कितीसें ठणकावून सांगूं शकेल?

हा दोष आमच्याच डोंगरांत आहे असें नव्हे. जगांतील सर्वांत उंच पर्वतावरही तो दिसून आला आहे. मागील शतकाच्या शेवटीं शेवटीं, भरपूर द्रव्य घेऊन लोकांस एव्हरेस्टवर नेण्याचा व्यवसाय वाढीस लागला. १९९६ सालच्या मे महिन्यांत अशा दोन तुकड्या एकाच दिवशीं शिखराकडे निघाल्या. दोन्हींचे नायक मोठे अनुभवी होते. न्यूझीलंडचा रॉब हॉल व अमेरिकेचा स्कॉट फिशर. अमुक वाजेपर्यंत शिखर न आल्यास माघारें फिरावयाचें, हा नियम त्यांस ठाऊक होता. परंतु दुपारची ती वेळ टळून गेल्यावरही लोक वर चढतच राहिले. संध्याकाळीं वादळानें गांठलें. १० व ११ मे ह्या दोन दिवसांत त्या पर्वतावर आठ माणसें मृत्युमुखीं पडलीं, आणि त्यांत ते दोन्ही नायक होते. हॉल हा थकलेल्या आपल्या सोबत्यास टाकून खालीं आला नाहीं, ही गोष्ट त्याच्या स्मृतीस भूषणास्पद आहे. पण माघारें फिरण्याची वेळ एकदां गमावली, म्हणजे मग निष्ठाही जीव वांचवूं शकत नाहीं, हा धडा त्यांतून घ्यावयाचा तो आहेच.

आतां सोबतीची बाजू पाहूं. डोंगरांत चार माणसें असावींत, असा जाणत्यांचा दंडक आहे. त्याचें कारण साधें आहे: एकास दुखापत झाली तर एकानें त्याच्याजवळ बसावें, आणि दोघांनीं मिळून मदत आणावयास जावें; म्हणजे कोणीच एकटा पडत नाहीं. एकटा वाटाड्या व एक मूल असतील आणि वाटाड्याचाच पाय मुरगळला, तर त्या मुलानें काय करावें? शिवाय मुलाच्या घडणीच्या दृष्टीनें पाहिलें तर सोबतीसारखी शाळा नाहीं. वाटाड्याबरोबर जाणारें मूल हें पाहुणें असतें. त्याचें ओझें दुसरा वाहतो, त्याचें पाणी दुसरा भरतो. मंडळींत जाणारें मूल आपल्या बाटलींतलें पाणी दुसऱ्यास देतें, मागें राहिलेल्यासाठीं थांबतें, आणि आपल्यालाही कोणी तरी थांबून घेतलें होतें, हें जन्मभर विसरत नाहीं.

पण सोबत सोबत म्हणजे तरी काय? आमच्याबरोबर हरिश्चंद्रगडावर पन्नास माणसें होतींच कीं. गर्दी आणि मंडळी ह्यांत जें अंतर आहे, तें न ओळखल्यामुळें किती अनर्थ होतो, ह्याचें गिर्यारोहणाच्या इतिहासांतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण स्वित्झर्लंडमधील मॅटरहॉर्न पर्वताचें आहे. ४४७८ मीटर उंचीच्या ह्या सुळक्यावर १८६५ पर्यंत कोणाचेंही पाऊल लागलें नव्हतें. एडवर्ड व्हिंपर नांवाचा एक इंग्रज तरुण अनेक वेळां प्रयत्न करून परतला होता. त्या वर्षींच्या जुलै महिन्यांत तो झेरमॅट गांवीं आला, तेव्हां त्याच्याबरोबर लॉर्ड फ्रान्सिस डग्लस हा अठरा वर्षांचा तरुण होता, आणि टाउगवाल्डर ह्या स्थानिक वाटाड्यांची सोबत ठरली होती. त्याच गांवांत रेव्हरंड चार्ल्स हडसन हे धर्मोपदेशकही त्याच पर्वताच्या इराद्यानें उतरले होते. हडसन हे त्या काळचे नामांकित गिर्यारोहक; त्यांच्याबरोबर मिशेल क्रो हा कसलेला वाटाड्या होता, आणि डग्लस हॅडो नांवाचा एकोणीस वर्षांचा, अशा चढाईचा फारसा सराव नसलेला तरुण होता. दोन्ही पक्षांनीं एका संध्याकाळींच ठरविलें कीं, आपण एकत्र जावें. हॅडोस हें झेपेल काय, असें व्हिंपरनें विचारलें. झेपेल, असें उत्तर मिळालें. आणि विषय तेथेंच संपला.

१४ जुलै १८६५ रोजीं हीं सात माणसें शिखरावर पोंचलीं. उतरतांना सातही जणांच्या कंबरांस एकामागून एक दोर बांधलेले होते. सर्वांच्या पुढें क्रो होता. आपली कुऱ्हाड बाजूस ठेवून तो हॅडोचे पाय हातांनीं धरून एकेका खांचेंत बसवीत होता. इतक्यांत हॅडो घसरला व क्रोवर आदळला. त्या दोघांच्या हिसक्यासरशी हडसन ओढले गेले, त्यांच्या मागून डग्लस. वरच्या तिघांनीं कातळास मिठी मारली, परंतु डग्लस व वृद्ध टाउगवाल्डर ह्यांच्यामधला दोर तुटला. तो बरोबर नेलेल्या दोरांपैकीं सर्वांत कच्चा होता. चौघे खालच्या हिमनदीवर जाऊन पडले. व्हिंपर आणि टाउगवाल्डर पितापुत्र एवढेच तिघे जिवंत परतले.

ह्या दुर्घटनेंत वाटाडे नव्हते काय? तीन होते, आणि त्यांतील एक तर त्या काळच्या उत्तमांपैकीं होता. मंडळी नव्हती काय? सात जणांची होती. मग उणीव कशाची होती? आमच्या मतें उणीव ही कीं, ती मंडळी एका रात्रींत जुळली होती. कोणाची ताकद किती, हें सर्वांस ठाऊक नव्हतें; सर्वांनीं ज्याचें ऐकावें असा एक नायक नव्हता; आणि सर्वांत दुबळ्याच्या बेतानें चढाई ठरवावी, असें कोणाच्या मनांत आलें नाहीं. दोरानें बांधलेलीं माणसें मनानें बांधलेलीं नव्हतीं. आज पैसे भरून एका गाडींत बसणाऱ्या पन्नास अनोळखी तरुणांची गोष्ट ह्याहून निराळी आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.

तर मग उत्तर काय? आमचें उत्तर असें आहे कीं, वाटाड्या कीं सोबती हा प्रश्नच मुळीं चुकीचा मांडला गेला आहे. ज्ञान वाटाड्याजवळ असतें. एकमेकांची जबाबदारी सोबत्यांवर असते. आणि मुलाच्या सुरक्षिततेला दोन्ही लागतात. दहा-बारा जणांची, एकमेकांस ओळखणारी मंडळी असावी. तिला एक नायक असावा, ज्याचा शब्द वडील माणसांनींही मोडूं नये. आणि त्या मंडळीनें त्या डोंगराखालच्या गांवांतला वाटाड्या बरोबर घ्यावा. एकट्या कुटुंबाला वाटाड्याचा खर्च जड वाटतो. तोच दहा जणांत वांटला म्हणजे कोणालाच जड होत नाहीं. आणि ह्यांतील एकच साधणें शक्य असेल, तर अनोळखी गर्दीपेक्षां एक ओळखीचा, भला वाटाड्या आम्ही केव्हांही पत्करूं, मात्र पालकानें त्याला निघण्यापूर्वींच सांगावें, कीं "तूं फिर म्हणशील तेथून आम्ही फिरूं, आणि तुझे पैसे पुरे मिळतील." एवढें एक वाक्य बोलल्यानें त्या गरीब माणसाच्या ज्ञानाला अधिकार प्राप्त होतो.

पवित्र शास्त्राच्या वाचकांस ह्या बाबतींत एक प्रसंग आठवेल. इस्राएल लोक अरण्यांतून चालले होते तेव्हां त्यांच्याएवढी मोठी मंडळी दुसरी नव्हती, आणि मोशेसारखा त्यांचा नायक होता. पुढें मेघ चालत असे, म्हणजे प्रत्यक्ष देव वाट दाखवीत होता. तरीही त्या अरण्याची माहिती असलेल्या होबाब नांवाच्या मिद्यानी आप्तास मोशेनें विनवणी केली कीं, मुक्काम कोठें करावा हें तुला ठाऊक आहे, म्हणून आम्हांस सोडून जाऊं नको. आणि लक्षांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, मोशेनें त्यास मजुरी देऊं केली नाहीं. परमेश्वर आमचें जें कल्याण करील, त्यांत तुझाही वांटा राहील, असें वचन दिलें. म्हणजे वाटाड्यास त्यानें सोबती करूं पाहिलें. देवावर विश्वास असलेल्या नायकास गांवच्या माणसाची वाट विचारण्यांत कमीपणा वाटला नाहीं. मग मोबाइलवर विसंबणाऱ्या आमच्या तरुणांस तो कां वाटावा?

आणि मोठीं यशें नेहमीं अशाच मेळानें मिळालीं आहेत. २९ मे १९५३ रोजीं एव्हरेस्टच्या माथ्यावर एडमंड हिलरी व तेनसिंग नोर्गे हे दोघे उभे राहिले, तें जॉन हंट ह्यांच्या नायकत्वाखालील एका शिस्तबद्ध मंडळीच्या बळावर. तेनसिंग हे १९३५ पासून त्या पर्वतावर ओझीं वाहत आले होते. १९५२ सालीं स्विस मंडळीनें त्यांस हमालाच्या जागीं न ठेवितां बरोबरीचा सभासद मानलें, आणि रेमंड लॅंबर्ट ह्यांच्यासह ते शिखराच्या पुष्कळ जवळ गेले. दुसऱ्याच वर्षीं हंट ह्यांच्या मंडळीबरोबर तें शिखर त्यांच्या पायांखालीं आलें. पुढें १९५४ सालीं दार्जिलिंग येथें गिर्यारोहणाची संस्था निघाली, तेव्हां प्रत्यक्ष शिक्षणाचे प्रमुख म्हणून त्यांचीच नेमणूक झाली. ज्यास लोक वाटाड्या म्हणत होते, तो गुरु झाला. आमच्या पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेचे गिर्यारोहक २०१२ सालीं एव्हरेस्टवर पोंचले, तेही वर्षानुवर्षें सह्याद्रींत एकत्र घाम गाळून जुळलेली मंडळी म्हणून. आणि त्यांच्याबरोबरही शेर्पा होतेच.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, जाहिरातींतील चित्रें व दर पाहण्यापूर्वीं कांहीं साधे प्रश्न विचारावे. एकंदर माणसें किती, आणि त्यांस सांभाळणारे किती? रांगेच्या शेवटीं कोण चालणार? माणसें कोठें कोठें मोजणार? कितीही जवळ आलें असलें तरी किती वाजतां माघारें फिरणार? प्रथमोपचार कोणास येतात? गांवांतला कोण बरोबर आहे, आणि आपण केव्हां परतणार हें गांवांत कोणास सांगून ठेविलें आहे? २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें साहसी पर्यटनाचें धोरण जाहीर केलें असून असे उद्योग चालविणाऱ्यांनीं नोंदणी करावी, अशी त्यांत अपेक्षा आहे. ती नोंदणी आहे कीं नाहीं, हेंही अवश्य विचारावें. परंतु कागद माणसें मोजीत नाहीं. माणसें माणसांनाच मोजावीं लागतात. ह्या प्रश्नांचीं उत्तरें जो हंसून टाळील, त्याच्या स्वाधीन आपलें मूल करूं नये, मग त्याचा दर कितीही स्वस्त असो.

आमच्या विद्यार्थ्यांसही दोन शब्द सांगावयाचे आहेत. मित्रहो, तुम्ही डोंगरावर जा, अवश्य जा. घरच्या खुर्चींत बसून धैर्य येत नाहीं. पण जातांना ज्याची चाल सर्वांत मंद आहे, त्याला रांगेंत पुढें ठेवा आणि त्याच्या चालीनें सर्व चाला. "मी थकलों" असें म्हणणाऱ्यास हंसूं नका. तो जें बोलला तें बोलावयास शिड्या चढण्याहून अधिक धैर्य लागतें. तुमच्या वाटाड्यास "ए" म्हणून हांक मारूं नका. तो तुमच्या वडिलांच्या वयाचा असेल तर त्याला मामा म्हणा, तरुण असेल तर दादा म्हणा, आणि जेवतांना त्याला वेगळा बसवूं नका. त्यानें फिरा म्हटलें तर फिरा. शिखर कोठें पळून जात नाहीं. तें पुढच्या वर्षींही तेथेंच असतें. तुमच्या आईला मात्र तुम्ही त्याच संध्याकाळीं घरीं हवे असतां.

दोन वर्षांपूर्वीं आमच्या शाळेची एक लहानशी तुकडी घेऊन आम्ही पुन्हां हरिश्चंद्रगडावर गेलों. ह्या वेळीं पाचनईच्या सोप्या वाटेनें, चौदा मुलें, तीन शिक्षक व गांवांतला एक वाटाड्या मामा. निघतांना, अर्ध्या वाटेवर, देवळाशीं आणि उतरल्यावर, असे चार वेळां आम्हीं मुलांस मोजलें. चौथ्या वेळीं एक खोडकर मुलगा म्हणाला, "सर, आम्ही काय मेंढरं आहोंत?" सर्व हंसले, आम्हीही हंसलों. पण मनांत आलें कीं, होय बाळा, तसेंच समज. ज्या मेंढपाळाचीं नव्याण्णव मेंढरें सुखरूप होतीं आणि तरीही एक कमी आहे हें ज्याच्या ध्यानांत आलें, त्यानें तीं मोजलीं होतीं म्हणूनच तें ध्यानांत आलें. आमच्या प्रभूनें सांगितलेल्या त्या दाखल्यांत शोधाची गोष्ट सर्वांस आठवते. मोजणीची कोणास आठवत नाहीं.

त्या पावसांतल्या शेतकऱ्याचा प्रश्न आम्ही आतां प्रत्येक पालकाच्या स्वाधीन करितों. आपलें मूल ज्या रांगेंत चालणार आहे, तींत त्याचें माणूस कोण? ह्याचें उत्तर नांवानिशीं देतां आलें, तर मुलाला खुशाल पाठवावें. आणि देतां आलें नाहीं, तर तें मिळेपर्यंत डोंगर थांबेल, आपणही थांबावें.